गळत नसलेलं सिंक: माहीमच्या एका घरातल्या बारचं प्रकरण

गेल्या वर्षी जुलैत माहीमहून फोन आला. "ताई, बारचं सिंक गळतंय. प्लंबर तीनदा येऊन गेला, तीनदा सिलिकॉन मारलं. आता सिंकच बदलायचं ठरवलंय. स्टील, तांबं की क्वार्ट्झ, तेवढं फक्त सांगा."

असल्या प्रश्नाला माझ्याकडे फोनवरचं तयार उत्तर असतं: ३०४ जातीचं स्टेनलेस स्टील, १८ गेज जाडी, मॅट फिनिश, पैसे वाचवा. ते तोंडावर आलंही होतं. पण फोन ठेवता ठेवता दादा म्हणाले, "गंमत म्हणजे प्लंबर सोमवारी येतो तेव्हा सगळं कोरडं ठणठणीत असतं." गळकं सिंक वार बघून गळत नाही. म्हटलं, शनिवारी संध्याकाळी येते.

घर पुनर्विकासातल्या इमारतीत, नवव्या मजल्यावर. हॉलच्या खिडकीतून समुद्र आणि सी लिंक. दादा-वहिनी पंचेचाळिशीतले, सोबत दादांची आई, म्हणजे काकू. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या भिंतीला साडेचार फुटांचा काउंटर, त्याच्या एका टोकाला पंधरा इंची गोल सिंक. काम दुसऱ्याच कुणी केलेलं, जेमतेम चौदा महिन्यांपूर्वी. (दोघांचेही दारूचे परवाने होते. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली घरात बाटली ठेवायलाही परवाना लागतो, हे पुष्कळांना काउंटर पॉलिश होऊन उभा राहिल्यावर कळतं.)

खालचं दार उघडलं तर वास आला. ओल्या प्लायचा, गोडसर-कुबट. तळाचा प्लाय फुगून लॅमिनेट कडेनं सुटलेलं, बिजागरीच्या स्क्रूंना गंज. सिंकच्या बुडाला हात लावला, कोरडं. भोकाखालचं कपलिंग कोरडं, त्याखालचा पाणी धरून ठेवणारा ट्रॅप कोरडा. नळ पाच मिनिटं सोडून ठेवला, सिंक भरून सोडलं. एक थेंब नाही. प्लंबर बिचारा खरंच बोलत होता.

मग विचारलं, शनिवारी इथे नेमकं होतं काय?

सहा-आठ मित्र येतात. खालच्या दुकानातून बर्फाच्या दोन पिशव्या येतात, त्या सरळ सिंकमध्ये ओततात. त्यात बिअरच्या आणि टॉनिकच्या बाटल्या खोचायच्या, आणि ग्लासात टाकायचा बर्फही चिमट्यानं तिथूनच उचलायचा. दादांची खासियत म्हणजे कोकमाचं आगळ, जिन, सोडा, उभी चिरलेली मिरची आणि ग्लासच्या काठाला लिंबू फिरवून लावलेलं मीठ. आगळ मालवणहून येतं, दर मे महिन्यात. रात्री एक-दीडला पाहुणे जातात. रविवारी सकाळी कुणाला आठवलं तर सिंकमध्ये दोन तांबे पाणी. सोमवारी मावशी येतात, त्या स्वयंपाकघरातलं सिंक घासतात. बारचं त्यांच्या कामात धरलेलं नाही.

हे ऐकलं तेव्हाच प्रश्न उलटा झाला. बारच्या सिंकसाठी मटेरियल निवडताना लोक शनिवार डोळ्यांपुढे ठेवतात: पितळी नळ, दिव्यांची झगमग, काळं किंवा तांबडं भांडं. भांड्याची परीक्षा मात्र रविवार ते शुक्रवार चालते. स्वयंपाकघरातलं सिंक दिवसातून चारदा धुतलं जातं म्हणून साधं असूनही टिकतं. बारच्या सिंकमध्ये लिंबू, मीठ आणि आगळ सहा दिवस वाळत पडतं, आणि खिडकीतून समुद्राचा खारा वारा येत असतो तो वेगळाच.

पण आधी पाण्याचा छडा लावायचा होता. बुडाखालच्या प्लायवर कोरडे टिश्यू पेपर पसरले. भोकाला बूच लावलं आणि सिंकमध्ये दोन किलो बर्फ ओतला. नळाला हात लावायचा नाही, अशी सगळ्यांना ताकीद दिली. माझ्याकडे तापमान आणि आर्द्रता दाखवणारं एक छोटं यंत्र असतं. ते कपाटात ठेवलं. २९ अंश, ८४ टक्के. दार लावून आम्ही चहा घेतला.

वीस मिनिटांनी दार उघडून मोबाइलचा दिवा मारला. सिंकच्या बुडाखाली मोहरीएवढे थेंब, सगळीकडे, भाजलेल्या पापडावर फोड उठावेत तसे. बघता बघता दोन थेंब एकमेकांत मिसळले, बुडाच्या उतारावरून कपलिंगच्या कडेपर्यंत घरंगळले आणि टप्प्‌. टिश्यूवर आठ आण्याएवढा डाग पडला. वहिनी खाली वाकून बघत होत्या. म्हणाल्या, "अय्या, हे तर फ्रिजमधल्या बाटलीसारखं झालं!"

तसंच होतं ते. २९ अंश आणि ८४ टक्के आर्द्रता म्हणजे दवबिंदू साधारण २६ अंशांवर. त्याहून थंड जे काही या हवेत असेल त्याला घाम फुटणार. आत बर्फ म्हणजे शून्य अंश आणि मध्ये एक मिलीमीटरचा पत्रा. रात्री आठ ते एक बर्फ राहिला तर पेलाभर पाणी खाली उतरायला काहीच हरकत नाही. सोमवारपर्यंत ते प्लायनं पिऊन टाकलेलं, पत्रा कोरडा. सिलिकॉन दहा वेळा मारलं असतं तरी हेच झालं असतं.

चांगल्या स्टील सिंकच्या बुडाला राखाडी लेप आणि रबराची चकती असते. दुकानदार ती आवाजासाठी म्हणून दाखवतात, आणि आवाजासाठी ती आहेच. बर्फाची पिशवी उघड्या पत्र्यावर ओतली की हॉलमध्ये पत्र्याच्या छपरावर गारा पडल्यासारखं वाटतं. पण तो लेप घामही थोडा कमी करतो. या सिंकला लेपही नव्हता आणि रबरही.

आणि सिंक स्वतः? कडेला 'एसएस ३०४' चा स्टिकर अजून शाबूत होता. भोकाभोवती आणि आतल्या वळणात मात्र तपकिरी ठिपके, टाचणीच्या डोक्याएवढे. काहींवरून नख फिरवलं तर खड्डा लागत होता. दादांनी लोहचुंबक आणून दाखवला: "चिकटत नाही बघा. म्हणजे ३०४च ना?" ही परीक्षा बाजारात इतकी रुजली आहे की तिच्यावर बोलणं भाग आहे. चुंबक चिकटत नाही याचा अर्थ ते ४३० वगैरे जातीचं नाही, एवढाच. २०२ या स्वस्त जातीलाही चुंबक चिकटत नाही. उलट खऱ्या ३०४ चं सिंक साच्यात खोल ओढून बनवलं की कोपऱ्यांत ते चुंबकाला किंचित ओढ देतं. तेवढ्यावरून चांगला माल परत करणारी माणसं मी पाहिली आहेत. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. २०२ मध्ये निकेल ४ ते ६ टक्क्यांवर आणून उरलेली जागा मँगनीजनं भरलेली. निकेल महाग, मँगनीज स्वस्त, सगळा खेळ तिथे आहे. भंगारवाले आणि पत्र्याचे व्यापारी बॅटरी आणि टेस्टिंगचं पाणी वापरतात: पत्र्यावर एक थेंब टाकून बॅटरीची तार टेकवायची, २०२ असेल तर थेंब काही सेकंदांत लाल होतो. आमचा झाला. दुकानाचं नाव मी विचारलं नाही, विचारून उपयोगही नव्हता. बिलावर नुसतं 'स्टील सिंक' लिहिलेलं होतं.

आता घरातली मतं. वहिनींना काळं सिंक हवं होतं, पीव्हीडी कोटिंगचं. दादांना तांबं. आणि दादांच्या तांब्यामागे एक वस्तू होती: त्यांच्या आजोबांचं घंगाळ. मालवणच्या घरात न्हाणीघरात असायचं ते, जाड, दोन कड्यांचं, पोटावर मठारलेल्या ठोक्यांची नक्षी. घर विकलं तेव्हा दादांनी एवढी एकच वस्तू मुंबईला आणली होती. त्यांचा बेत असा, की त्याच्या बुडाला भोक पाडायचं, खाली कपलिंग बसवायचं आणि काउंटरवर ठेवायचं. असे फोटो हल्ली सगळीकडे दिसतात. दिसतंही सुरेख.

मी काही बोलायच्या आत काकू म्हणाल्या, "त्या तांब्यात तू आगळ आणि लिंबू ओतणार? पितळेत ताक ठेवलं की कळकतं, हे आता पन्नाशीला आल्यावर शिकवायचं का तुला?"

पंचवीस वर्षं या धंद्यात काढून तांब्याच्या सिंकविरुद्ध इतकं नेमकं वाक्य मी ऐकलं नव्हतं. कळकणं. आंबट पदार्थ तांब्या-पितळेला लागला की धातू त्यात उतरतो, चव बिघडते, जास्त झालं तर मळमळ आणि उलट्या. म्हणून तर आपल्याकडे भांड्यांना आतून कल्हई असायची. कल्हईवाला भांडं तापवून, नवसागर टाकून, कथलाचा पातळ थर फडक्यानं फिरवायचा. अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या मद्य विभागानं २०१७ मध्ये लिंबाच्या कॉकटेलच्या तांब्याच्या मगांबद्दल हेच सांगितलं: पीएच ६ च्या खालचं काही नुसत्या तांब्याला लागू देऊ नका. लिंबाचा रस २-२.५ च्या आसपास असतो. काकूंनी हे पीएच न मोजताच सांगितलेलं होतं.

सिंकमधून कुणी पीत नाही, असा दादांचा मुद्दा, आणि तो बरोबरच होता. नुसत्या सांडपाण्यासाठी तांब्याचं सिंक खुशाल घ्यावं. पण या घरात ग्लासात जाणारा बर्फ त्याच सिंकमधून उचलला जात होता आणि लिंबाच्या पिळलेल्या फोडी त्याच बर्फावर पडत होत्या.

तरी तोंडी वाद नकोत म्हणून एक साधा प्रयोग केला. माझ्या गोडाऊनमधून सहा तुकडे आणले: त्यांच्याच सिंकसारख्या २०२ चा, ३०४ चा, तांब्याच्या पत्र्याचा (आधी तपकिरी होऊ दिलेला), कडप्प्याचा आणि क्वार्ट्झ सिंकच्या नमुन्याच्या दोन चिपा, एक कोळशासारखी काळी, एक दुधी. शनिवारी रात्री प्रत्येकावर आगळाचे चार थेंब, लिंबाची एक फोड उलटी आणि चिमूटभर मीठ. मग ट्रे खिडकीशी ठेवून दिला आणि पुढच्या शनिवारपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही.

तांब्यावर लिंबाच्या फोडीचा हुबेहूब ठसा उमटला होता. फोडीखालचं सगळं तपकिरीपण खाऊन आतलं गुलाबी तांबं वर आलं होतं आणि कडेनं, जिथे मीठ होतं तिथे, हिरवी किनार. काहींना हे आवडतं. तांबं 'जगतं' म्हणतात. ज्यांना पितांबरी घेऊन रविवारी सकाळी उभं राहायची हौस आहे त्यांनी जरूर जगवावं. कडप्प्यावर डाग असा नव्हता, पण फोडीच्या जागी चकाकी गेलेली, बोट फिरवलं तर खरबरीत. कडप्पा हा चुनखडीच, त्यामुळे आंबटाला तो संगमरवरासारखाच भितो. मुंबईच्या निम्म्या ओट्यांखाली तो वर्षानुवर्षं बिनतक्रार आहे तो तिथे लिंबू आठवडाभर पडून राहत नाही म्हणून. २०२ वर तीन तपकिरी ठिपके, एक खोल. ३०४ वर पुसट डाग, घासणीच्या मऊ बाजूनं दोनदा घासल्यावर गेला. काळी क्वार्ट्झ चिप पुसली आणि विषय संपला. दुधी चिपेवर आगळाची गुलाबी सावली राहिली.

म्हणजे निकाल काळ्या क्वार्ट्झच्या बाजूनं, असंच कुणालाही वाटेल. वहिनींना तर वाटलंच, रंगही त्यांच्या मनासारखा. क्वार्ट्झ सिंक म्हणजे सुमारे ८० टक्के क्वार्ट्झची पूड आणि बाकी ॲक्रिलिक रेझिन. भावनगरला बनतात आणि तिथून जगभर जातात. मजबूत, डागांना दाद न देणारं, आवाज कमी. मी ते नाकारलं ते दोन कारणांनी. पहिलं, काचा. बारच्या सिंकमध्ये धुतले जातात ते उंच दांड्याचे पातळ ग्लास, तेही रात्री एक वाजता, चार पेग झालेल्या हातांनी. क्वार्ट्झवर ग्लास आपटला की फुटतोच. स्टील जरा तरी माया दाखवतं. दुसरं कारण घामाचं. क्वार्ट्झ जाड असतं, उष्णता कमी वाहून नेतं, म्हणून त्याला घाम येणार नाही, असं मलाही आधी वाटत होतं. कागदावर आकडे मांडले तेव्हा पटलं की नऊ-दहा मिलीमीटर क्वार्ट्झनं बाहेरचा पृष्ठभाग दोन-तीन अंशच वर येतो. शून्याच्या जागी तीन अंश. दवबिंदू २६ ला. काय फरक पडला? तांबं स्टीलच्या पंचवीसेक पट उष्णता वाहून नेतं हेही खरं, आणि इथे त्यानंही फरक पडत नाही. मुंबईच्या जुलैत बर्फानं भरलेलं कुठलंही उघडं भांडं घामेजणारच. खऱ्या बारमध्ये म्हणूनच बर्फाची पेटी वेगळी असते, दुहेरी पत्र्याची, मध्ये फोम भरलेली, आणि सांडपाण्याचं सिंक वेगळं.

पीव्हीडीचं थोडक्यात सांगते. खऱ्या पीव्हीडीत निर्वात पेटीत धातूचा काही मायक्रॉनचा थर बसवतात, तो चांगला टिकतो. पण खाली पत्रा कुठला हे दिसायचं बंद होतं, आणि २०२ वर काळा रंग चढवून विकणं सोपं जातं. शिवाय या सोसायटीत एप्रिल-मेमध्ये टँकर येतात. तलावांमधून येणारं पालिकेचं पाणी मऊ, त्याचे डाग फारसे पडत नाहीत. टँकरचं जड पाणी काळ्या सिंकवर वाळलं की रांगोळी सांडल्यासारखं दिसतं. सिरॅमिकचा विचारही केला नाही.

मग काय घेतलं? ३१६ स्टील, बनवून.

इथे दादा पहिल्यांदा हिशेबाला बसले. ३१६ म्हणजे जहाजाच्या रेलिंगचं स्टील, त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, आणि मीठ पत्र्याला टोचून खड्डे पाडतं ते रोखायला तेच उपयोगी पडतं. महाग म्हणून घरात कुणी सुचवत नाही. पण सिंक केवढं? सोळा इंच बाय चौदा, खोली सात. तळ, चार बाजू आणि कडेची पट्टी धरून अर्धा चौरस मीटरही पत्रा लागत नाही. १.२ मिलीमीटर जाडीला त्याचं वजन भरतं साडेचार किलो. किलोमागे ३०४ आणि ३१६ मध्ये जो काही फरक असेल तो साडेचारनं गुणा. कापणं, वाकवणं, वेल्डिंग, पॉलिश, मजुरी दोन्हींना तीच. मोठ्या ओट्यासाठी हा फरक जाणवतो. छोट्या बार सिंकमध्ये धातूची जात हीच सगळ्यात स्वस्त गोष्ट असते. धुतल्या जाणाऱ्या स्वयंपाकघरात मी आजही ३०४ च सांगते. समुद्रासमोर, आठवड्यातून एकदा वापरलं जाणारं, आगळ पिणारं सिंक असेल तर नाही.

पत्रा गुलालवाडीच्या धातुबाजारातून घेतला. तिथे हातातली एक्स-रे गन पत्र्याला टेकवून घटक वाचून दाखवणारे आहेत, मॉलिब्डेनम २.१ दिसलं, तसं बिलावर लिहून घेतलं. फॅब्रिकेटर साकीनाक्याचा, गाळा अंधारा पण हात चांगला. त्याला तीन गोष्टी सांगितल्या आणि त्याला त्या आवडल्या नाहीत. एक, काळ्या लोखंडावर वापरलेली ग्राइंडिंगची डिस्क आणि ब्रश या कामाला लावायचे नाहीत, नवे घ्यायचे. लोखंडाचे कण स्टीलवर रुततात आणि महिन्याभरात तेच गंजतात. मग गिऱ्हाईक म्हणतं स्टील गंजलं. दोन, आर्गॉन वेल्डिंगनंतर जोडावर जो निळा-सोनेरी पट्टा उमटतो तो पिकलिंग पेस्ट (आम्लाचा लेप) लावून पूर्ण घालवायचा. दिसायला सुंदर असतो, पण गंज तिथूनच सुरू होतो. तीन, तळ सपाट नको, चारी बाजूंनी भोकाकडे उतार हवा, आणि कोपरे काटकोनात नकोत, बोट फिरेल इतके गोल हवेत.

पहिलं सिंक आलं ते तळ सपाट घेऊन. "ताई, एवढंसं पाणी राहिलं तर काय होतं?" तो म्हणाला. मी त्याच्याच टेबलावर सिंक ठेवून पाणी ओतलं. भोक सोडून कोपऱ्यात जे तळहाताएवढं डबकं राहिलं त्याकडे बोट दाखवलं, आणि म्हटलं, यात आगळ आहे असं समज आणि सहा दिवस थांब. दुसरं सिंक बरोबर आलं.

आता घाम. यावरचं उत्तर सिंकवाल्याकडे नव्हतंच, एसीवाल्याकडे होतं. एसीच्या तांब्याच्या नळ्यांवर जो काळा नायट्राइल रबराचा फोम चढवतात त्याची शीट मिळते. ती १९ मिलीमीटरची घेतली, १० ची तर पुरतच नाही. दहाच्या बाहेरची बाजू माझ्या हिशेबात विशीतच राहत होती, म्हणजे दवबिंदूच्या खालीच. सिंकचं बूड आणि चारी बाजू त्यात गुंडाळल्या, सांधे टेपनं बंद केले. हवा आत शिरायला फट राहिली तर फोमच्या मागे घाम जमतो आणि तो दिसतही नाही, ते जास्त वाईट. प्लाय बदलून मरीन ग्रेडचा टाकला आणि कडा एपॉक्सीनं बंद केल्या. ड्रेनेजची जुनी लाइन स्वयंपाकघराच्या भिंतीतूनच जात होती, उतार पुरेसा होता, म्हणून ती सोडली. खालच्या मजल्याच्या हॉलवर ओली लाइन नेली असती तर सोसायटीनं काम बंदच पाडलं असतं, आणि बरोबर केलं असतं.

घंगाळाचं काय, हा प्रश्न शेवटपर्यंत लोंबकळत होता. भोक पाडायला माझा विरोध होता, पण तो माझा प्रश्न नव्हता. तांबाकाट्यावरच्या एका भांड्यांच्या दुकानात ते नेऊन दाखवलं. म्हाताऱ्या मालकांनी ते उलटं धरून बोटाच्या पेरानं वाजवलं, आवाज ऐकला आणि एवढंच विचारलं, "भोक पाडल्यावर परत आणाल का हो मला दाखवायला?" दादांनी ते गाडीत परत ठेवलं. घरी येईपर्यंत त्यांचं ठरलं होतं. बाटल्या घंगाळात, भोवती बर्फ, घंगाळ काउंटरवर. ग्लासातला बर्फ वेगळा, झाकणाच्या डब्यात. सिंकमध्ये फक्त सांडपाणी आणि ग्लास.

म्हणजे एवढं सगळं करून सिंकमध्ये बर्फ जाणारच नव्हता. मग १९ मिलीमीटरचा फोम कशाला लावला, असं वहिनींनी विचारलं, आणि थोडं चिडूनच विचारलं. मी म्हटलं, रात्री एक वाजता घंगाळातला उरलेला बर्फ कुठे ओतणार? त्या हसल्या.

घंगाळाला घाम येतोच, धो धो येतो. पण तो समोर दिसतो. खाली पितळी परात ठेवली आहे, त्यात जमतो.

सप्टेंबरात पुन्हा गेले, शनिवारीच. टिश्यू पेपर पसरले, सिंकमध्ये बर्फ ओतला, चहा झाला. बुडाखाली सगळं कोरडं, पण ट्रॅपखालच्या कागदावर एक डाग. वितळलेल्या बर्फाचं गार पाणी बाटली ट्रॅपमध्ये उतरत होतं आणि आता घाम ट्रॅपला फुटला होता. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. एसीवाल्याला पुन्हा बोलावून कपलिंग आणि ट्रॅपवरही फोम चढवला. साफ करायला उघडता यावा म्हणून ट्रॅपवरचा तुकडा नुसता वेलक्रोनं बांधलाय. मे महिन्यात सगळे गावी गेले की ट्रॅपमधलं पाणी आटेल आणि वास सुटेल, तेव्हा जाताना त्यात पाणी ओतून बूच लावायला सांगून ठेवलंय.

सिंक आतून स्वच्छ होतं, माझ्या अपेक्षेपेक्षा जास्त स्वच्छ. कोपऱ्यांतही आगळाचा मागमूस नाही. मी ३१६ चं श्रेय घ्यायच्या बेतात होते. वहिनींनी नळाशेजारी ठेवलेल्या घासणीकडे बोट दाखवलं. स्वयंपाकघरातल्या सिंकपेक्षा हे चार इंच उंच आहे, वाकावं लागत नाही, म्हणून काकू रोज सकाळी माठाची भाजी इथेच धुतात.